दुसरी बाटली

हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांपलीकडे फारसे कुणाला ठाऊक नसते, आणि त्यांनाही ते माहीत असते ते १८५८ साली लंडनमध्ये निघालेल्या ‘ग्रेज ॲनाटॉमी’ या ग्रंथातल्या चित्रांमुळे. त्याच वर्षी कार्टर भारतात नोकरीला लागले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शरीररचना शिकवत आणि जे. जे. रुग्णालयात रोगी तपासत. पुढे १८६३ ते १८७२ या काळात ते साताऱ्याचे सिव्हिल सर्जन होते. सातारा सोडल्यावर दोनच वर्षांत, १८७४ साली, त्यांचे ‘मायसेटोमा’ या आजारावरचे सचित्र पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. शल्यचिकित्सकांकडे येणाऱ्या एका विरळा संसर्गाचा इतका बारकाईने केलेला अभ्यास आपल्या देशात त्याआधी झाला नव्हता. पायातून पूवाटे बाहेर पडणारे दाणे नीट गोळा करायचे, त्यांचा रंग पाहायचा, कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे, जे दिसते ते रेखाटायचे आणि मगच रोगाबद्दल बोलायचे, ही त्यांची रीत होती. दीडशे वर्षांनंतरही ही रीत आपल्याकडच्या अनेक ऑपरेशन थिएटरांत पुरती पोचलेली नाही. हा लेख त्याविषयी आहे.

आजार असा. अनवाणी पायात काटा मोडतो किंवा टोकदार खडा घुसतो. जखम भरते, माणूस विसरून जातो. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, त्याच जागी न दुखणारी टणक गाठ येते. ती हळूहळू पसरते, पाऊल जाड होते, कातडीवर फोड येऊन फुटतात आणि नासूर वाहू लागतात. एक बुजतो, शेजारी दुसरा उघडतो. त्या पाण्यासारख्या पुवात बारीक दाणे असतात, रव्यापेक्षाही बारीक किंवा जरा मोठे. पांढरे, पिवळट, तांबडे वा काळे. दुखत नाही म्हणून रोगी कामावर जातच राहतो, आणि आतली हाडे पोखरली जातात. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकात मद्रास इलाख्यातल्या मदुरेहून या रोगाची वर्णने आली, म्हणून डॉक्टरांच्या बोलण्यात तो ‘मदुरा फूट’ झाला. कार्टरांच्या काळी त्यावर इलाज एकच होता, पाय कापणे. रोगाचे कारण बुरशी आहे असे कार्टरांचे मत होते आणि फिकट दाण्यांचा व काळ्या दाण्यांचा असे त्याचे दोन प्रकार त्यांनी वेगळे नोंदले. कारणाबाबत ते अर्धेच बरोबर ठरले. १८९४ साली व्हिन्सेंट या फ्रेंच डॉक्टरने अल्जीरियातल्या एका रोग्याच्या फिकट दाण्यांतून जो जीव वाढवला, तो पुढे बुरशीसारखे तंतू धरणारा जिवाणू ठरला. १९१३ मध्ये पिनॉय यांनी जिवाणूंचा मायसेटोमा आणि बुरशीचा मायसेटोमा अशी विभागणी केली, ती आजही टिकून आहे. जिवाणूशास्त्र जन्माला येण्याआधी कार्टरांनी आखलेली फिकट आणि काळ्याची रेघ मात्र वाया गेली नाही. काळा दाणा म्हणजे बुरशी, हा नियम आजचा डॉक्टरही खाटेशेजारी उभ्या उभ्या वापरतो. पांढरा वा पिवळट दाणा दोन्हींपैकी कशाचाही असू शकतो, तांबडा बहुधा जिवाणूचा.

हा भेद पुस्तकी नाही, त्यावर पाय राहणार की जाणार हे ठरते. जिवाणूंचा मायसेटोमा प्रतिजैविकांनी बरा होतो. मेक्सिकोतले डॉक्टर ऑलिव्हेरिओ वेल्श यांनी १९८० च्या दशकात अमिकासिनची इंजेक्शने आणि को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या अशी जोडी फेऱ्याफेऱ्यांनी देण्याची पद्धत रूढ केली. पुढे दिल्लीच्या एम्समधील त्वचारोगतज्ज्ञांनीही इथल्या रोग्यांना झेपेल असा टप्प्याटप्प्याचा उपचार मांडला. हाडापर्यंत गेलेले पायही अशा उपचाराने वाचतात. बुरशीचा प्रकार याउलट चिवट असतो. त्यात महिनोन् महिने बुरशीविरोधी औषध आणि जोडीला शस्त्रक्रिया लागते. म्हणजे बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन पायांपैकी एकाला सुरीची गरज बहुधा नसते आणि दुसऱ्याला असते. बाहेरून पाहून हे ठरत नाही, क्ष-किरणानेही नक्की ठरत नाही. ते दाण्यावरून ठरते.

सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या भोवतालचा मुलूख डोळ्यांपुढे आणला, की हा विषय आपल्यापासून किती जवळ आहे ते ध्यानात येते. सह्याद्रीने पाऊस अडवल्यावर उरणारा हा कोरडा पट्टा: खटाव, माण, पलीकडे आटपाडी. बाभळी-बोरींची कुंपणे, मेंढरांमागे मैलोन् मैल चालणारी माणसे, आटपाडीकडे डाळिंबाच्या बागा आणि त्यांच्या छाटणीत पडणारा काटेरी पालापाचोळा. मायसेटोमाचे जीव मातीत आणि काट्यांवर राहतात, आणि जगाच्या नकाशावर त्यांचा पट्टा साधारण १५ अंश दक्षिण ते ३० अंश उत्तर अक्षांशांमध्ये, त्यातही कमी पावसाच्या काटेरी प्रदेशांत, दाट आहे. सुदान, मेक्सिको आणि भारत ही त्यातली ठळक नावे. आपला हा भाग त्या पट्ट्यात बसतो. इथे किती रुग्ण आहेत हा आकडा मी देत नाही, कारण आकडा मोजण्यातूनच यावा लागतो. २०१२ पासून क्षयरोगाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मायसेटोमावर तशी सक्ती नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेच तो दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत २०१६ साली घेतला. जो रोग मोजला जात नाही तो विरळा वाटतो, विरळा वाटतो म्हणून शोधला जात नाही, आणि शोधला जात नाही म्हणून मोजला जात नाही. या चक्रातला सर्वांत स्वस्तात तोडता येणारा दुवा ऑपरेशन टेबलाच्या शेजारच्या ट्रॉलीवर असतो.

तिथे काय घडते ते जवळून पाहू. सर्जन गाठ किंवा नासुराची भिंत कापून काढतो. सिस्टर झाकण उघडून बाटली पुढे करते. बाटलीत फॉर्मालिन असते, तुकडा त्यात पडतो, लेबल लागते, बाटली पॅथॉलॉजीकडे जाते. फॉर्मालिनचे काम ऊतक जसेच्या तसे टिकवणे, आणि ते करताना त्यातला प्रत्येक जंतू मरतो. पॅथॉलॉजिस्टला सूक्ष्मदर्शकाखाली सूज दिसते, पेशींचे पुंजके दिसतात, नशिबाने दाणा सापडला तर तोही दिसतो. पण जंतू कोणता आणि कोणत्या औषधाला तो दबतो, हे सांगायला जंतू जिवंत हवा. दाणा त्या कापात आलाच नाही तर रिपोर्टात ‘जुनाट गाठीयुक्त दाह, क्षयरोगाची शक्यता’ असे काहीतरी येते आणि रोग्याला टीबीच्या गोळ्या सुरू होतात. दुसरीकडे, पूचा स्वॅब घेतलाच असेल तर तो नेहमीच्या कल्चरला जातो. बहुतेक प्रयोगशाळा साध्या पूच्या प्लेटा दोन दिवस ठेवून टाकून देतात, कारण नेहमीचे जंतू तेवढ्यात उगवतात. नोकार्डियासारखा जिवाणू मात्र उगवायला कधी चार-पाच दिवस, कधी दोन आठवडे घेतो. तो डोके वर काढायच्या आत प्लेट कचऱ्यात गेलेली असते आणि कागदावर येते: ‘जंतू वाढले नाहीत’. वाचणाऱ्याला वाटते, संसर्ग नाही.

माझे म्हणणे साधे आहे. बरी न होणारी जखम, पुन्हा पुन्हा वाहणारा नासूर, नेहमीच्या प्रतिजैविकाला न जुमानणारे गळू, यांपैकी काहीही कापले तर तुकड्याचे दोन भाग व्हावेत. एक फॉर्मालिनमध्ये जावा, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये, आणि त्या दुसऱ्या बाटलीसोबतच्या फॉर्मवर मनातला संशय शब्दांत लिहिलेला असावा: ‘दाणे दिसले, नोकार्डिया पाहा, प्लेटा दोन आठवडे ठेवा’. संशय लिहिणे ही औपचारिकता समजली जाते; वस्तुतः प्रयोगशाळेचा पुढचा सगळा मार्ग त्या ओळीवर अवलंबून असतो. संशय कळला की तंत्रज्ञ दाणा सलाईनमध्ये धुतो, दोन काचपट्ट्यांमध्ये चिरडतो आणि ग्रॅम रंग देतो. सुमारे एक मायक्रॉन जाडीचे जांभळे तंतू दिसले तर जिवाणू, त्याच्या दुप्पट ते पाचपट जाड तंतू दिसले तर बुरशी. नोकार्डिया ओळखायला क्षयाच्या रंगपद्धतीत थोडा बदल करतात आणि रंग धुताना सौम्य, एक टक्क्याचे आम्ल वापरतात; नेहमीच्या तीव्र आम्लाने नोकार्डियाचा रंगही धुऊन जातो आणि तो निसटतो. हे सारे तास-दोन तासांचे काम आहे. दाणे मिळत नसतील तर रात्री नासुरावर ओलसर गॉज बांधून ठेवतात. सकाळी त्याच्या जाळीत दाणे अडकलेले सापडतात. या युक्तीला यंत्र लागत नाही.

हा मुद्दा पायाच्या एका आजारापुरता असता तर त्यावर इतके लिहिण्याची गरज नव्हती. पण तीच चूक आता नव्या रूपात होते आहे. दुर्बिणीतून पित्ताशय किंवा अपेंडिक्स काढण्याची ऑपरेशने हल्ली तालुक्याच्या गावीही होतात, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. रोगी दोन दिवसांत घरी जातो, टाके सुकतात. काही थोड्या रोग्यांमध्ये मात्र तीन-चार आठवड्यांनी, सगळे विसरल्यावर, दुर्बीण घातलेल्या छिद्राच्या जागी गाठ येते आणि पाझरू लागते. नेहमीची प्रतिजैविके चालत नाहीत. गाठ उघडून साफ केली तरी पुन्हा येते. यामागे बऱ्याचदा क्षयाच्या जंतूचे भाऊबंद असतात: मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, किलोनी, ॲबसेसस. हे पाण्यात राहतात, नळाच्या पाण्यातही. दुर्बिणीच्या लांब नळ्यांच्या सांध्यांत रक्त-मांसाचा अंश राहिला, हत्यारे घाईने रसायनात बुडवून पुन्हा साध्या पाण्याने धुतली, की ते पोटाच्या भिंतीपर्यंत पोचतात. क्षयाच्या रंगात हेही लाल दिसतात, त्यामुळे स्लाइड ‘पॉझिटिव्ह’ येते आणि टीबीचा उपचार सुरू होतो. त्या गोळ्यांपैकी बहुतेकींचा या जंतूंवर उपयोग नाही. सहा महिने गोळ्या खाऊनही छिद्र वाहतच राहते, आणि कुटुंबाच्या माथी क्षयाचा शिक्का बसतो तो वेगळाच. दुसरी बाटली गेली असती तर क्षयाच्या जनुकीय चाचणीत काही आले नाही आणि प्लेटवर मात्र आठवड्याभरात वसाहती उगवल्या, एवढ्यावरून प्रयोगशाळेने दिशा दाखवली असती. मग क्लॅरिथ्रोमायसिनसारखी वेगळी औषधे, कधी दोन-तीन एकत्र, महिनोन् महिने द्यावी लागतात, आणि गरजेनुसार ती जागा कापून काढावी लागते.

ब्राझीलमध्ये २००४ नंतरच्या काही वर्षांत शस्त्रक्रियांनंतरच्या अशा संसर्गाची दोन हजारांहून अधिक प्रकरणे पुढे आली, त्यातली बरीचशी दुर्बिणीच्या ऑपरेशनांनंतरची. तपासात कळले की वेगवेगळ्या शहरांत पसरलेला जंतू एकाच वाणाचा होता, आणि हत्यारांसाठी वापरले जाणारे दोन टक्क्यांचे ग्लुटाराल्डिहाइड त्याला मारू शकत नव्हते. या शोधाचे मूळ कशात होते? तिथल्या डॉक्टरांनी ऊतक कल्चरला पाठवले आणि जंतू जपून ठेवले. तसे झाले नसते तर प्रत्येक सर्जनच्या खात्यावर दोन-चार ‘न भरलेल्या जखमा’ जमा झाल्या असत्या, प्रत्येकाने त्या आपापल्या परीने निस्तरल्या असत्या आणि साथ चालू आहे हे कुणालाच कळले नसते. एका रोग्याचे निदान म्हणजे पुढच्या रोग्याचे संरक्षणही असते. विरळा संसर्गांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण तिथे एका डॉक्टरच्या अनुभवात कधीच पुरेशा घटना जमत नाहीत.

याला हरकती आहेत आणि त्या वजनदार आहेत. पहिली हरकत सर्जनांची: रोज इतक्या गाठी आणि गळवे कापतो, त्यातले बहुतेक नेहमीच्या जंतूंचे, प्रत्येकाचे कल्चर करायचे तर रोग्याच्या खिशाला आणि प्रयोगशाळेला ते झेपणार नाही. हे मान्य. म्हणूनच वर मी ‘बरी न होणारी’ आणि ‘पुन्हा येणारी’ ही अट घातली. साधे, पहिलेच गळू फोडून निचरा केला की बरे होते, तिथे कल्चरने फारसे काही साधत नाही. पण दुसऱ्यांदा तेच ठिकाण उघडायची वेळ आली, की आधीचा अंदाज चुकला हे रोग्याच्या शरीरानेच सांगितलेले असते. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा, भुलीचा, बुडालेल्या मजुरीचा आणि महिनोन् महिन्यांच्या चुकीच्या औषधांचा खर्च एका बाजूला ठेवला, तर सलाईनच्या बाटलीचा आणि काही प्लेटांचा खर्च त्यापुढे फारच थोडा भरतो.

दुसरी हरकत जंतुशास्त्रज्ञांचीच आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. जास्त दिवस ठेवलेल्या प्लेटवर कातडीवरचे, हवेतले, पाण्यातले निरुपद्रवी जंतूही उगवतात. अशा प्रत्येक उगवणीला रोग मानले तर गरज नसलेल्यांना महिनोन् महिने कडक औषधे दिली जातील. हा धोका खरा आहे, आणि त्यामुळे नमुना कसा घ्यायचा हा प्रश्न मध्यभागी येतो. वरवरचा स्वॅब नव्हे, खोलातला तुकडा. आणि शक्य तिथे एकापेक्षा अधिक तुकडे. कृत्रिम सांध्याच्या संसर्गात अस्थिशल्यज्ञ वेगवेगळ्या जागांहून पाच-सहा नमुने घेतात आणि निदान दोन नमुन्यांत तोच जंतू आला तरच त्यावर विश्वास ठेवतात. हाच विवेक इतरत्रही लागू व्हावा. दोन बाटल्यांचा खरा उपयोगही इथेच आहे: फॉर्मालिनमधल्या कापात तंतू आणि दाह दिसतो, सलाईनमधल्या तुकड्यातून जंतू उगवतो, दोन्हींची सांगड बसली तर निदान पक्के, न बसली तर थांबून पुन्हा पाहायचे. कधी उलटेही घडते. मेलिऑइडोसिसचा जंतू, ज्याचा भारतातला पहिला रुग्ण १९९१ साली मुंबईतून नोंदला गेला, यकृत-प्लीहेतल्या गळवांमधून उगवला तरी पुष्कळदा ‘स्युडोमोनासची एखादी जात, बहुधा बाहेरून आलेली’ म्हणून बाजूला टाकला जातो. सर्जनने फॉर्मवर ‘मधुमेही शेतकरी, अनेक गळवे’ इतके लिहिले असते तरी तंत्रज्ञ थबकला असता.

तिसरी हरकत वेळेची. गॅस गँगरीन किंवा मांस झपाट्याने कुजवणारा संसर्ग असेल तर कल्चरची वाट पाहणे म्हणजे रोगी गमावणे. तिथे वाट पाहायचीच नाही. कापायचे, औषधे सुरू करायची, पण तुकडा तरीही पाठवायचा, म्हणजे तिसऱ्या दिवशी औषध बदलायला आधार राहतो. जुनाट नासुराला मात्र ही घाई लागू नाही. जो पाय तीन वर्षे वाहतो आहे त्याला औषधाआधी आणखी दोन आठवडे थांबवता येते, आणि शक्य असेल तर आधीची प्रतिजैविके काही दिवस बंद करून नमुना घेता येतो. आणखी काहींना वाटते की नवी यंत्रे हा प्रश्न सोडवून टाकतील. जंतूच्या प्रथिनांवरून मिनिटांत नाव सांगणारी यंत्रे मोठ्या प्रयोगशाळांत आली आहेत, जनुकांचे वाचनही होते. पण पहिल्या यंत्राला उगवलेला जंतू लागतो आणि दुसऱ्याला शाबूत जनुकद्रव्य, ज्याचे फॉर्मालिन तुकडे तुकडे करते. यंत्र कितीही हुशार असले तरी त्याच्यापुढे काय ठेवायचे ते थिएटरातच ठरते.

राहिली अंतराची अडचण. औंधच्या आसपासच्या छोट्या दवाखान्याला स्वतःची जंतुशास्त्र प्रयोगशाळा परवडणार नाही, परवडावी अशी अपेक्षाही नाही. पण सलाईनमधला तुकडा त्याच दिवशी साताऱ्याला किंवा कराडला पोचू शकतो. एसटीने जाणाऱ्या नातेवाइकाच्या हातूनही. साताऱ्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडला कृष्णा रुग्णालय आहे, मिरजेत १९६२ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तुटते ते दुसरीकडे. जुन्या औंध संस्थानाचा मुलूख १९४८ नंतर विभागला जाऊन आज वेगवेगळ्या जिल्ह्यांत आहे: औंध साताऱ्यात, आटपाडी आणि कुंडल सांगलीत. एकाच मातीतले, एकाच तऱ्हेच्या काट्यांनी टोचलेले दोन रोगी एक साताऱ्याकडे आणि दुसरा मिरजेकडे जातो, आणि दोघांचे कागद कधी एकमेकांशेजारी येत नाहीत. या महाविद्यालयांच्या शल्यचिकित्सा, त्वचारोग आणि जंतुशास्त्र विभागांनी मिळून एक सामायिक नोंदवही ठेवली, त्यात गाव, काम, कोणता पाय, दाण्याचा रंग, उगवलेला जंतू आणि उपचाराचा परिणाम एवढेच लिहिले, तरी पाच वर्षांत या पट्ट्यातला मायसेटोमा जिवाणूंचा जास्त की बुरशीचा, हे छातीठोकपणे सांगता येईल. उपचाराला त्याचा थेट उपयोग आहे, कारण दाणा हाती लागला नाही तरी डॉक्टरला कशाचा संशय आधी धरायचा हे कळेल.

निदानानंतरचे काम लांब आहे, आणि ते मेंढपाळाच्या वा बागेतल्या मजुराच्या दिनक्रमात बसवावे लागेल. अमिकासिन साधारण तीन आठवडे रोज टोचावे लागते, सोबतच्या गोळ्या त्याहून जास्त दिवस चालतात, आणि अशा फेऱ्या एकापेक्षा जास्त होतात. हे औषध मूत्रपिंडाला आणि ऐकण्याच्या नसेला इजा करू शकते, म्हणून प्रत्येक फेरीआधी रक्ताची आणि कानाची तपासणी व्हावी लागते. रोजचे इंजेक्शन गावाजवळच्या आरोग्य केंद्रात, कानाची तपासणी फेरीगणिक एकदा जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि त्याच खेपेला पायाचा फोटो व नासुरांची मोजदाद, अशी वाटणी केली तर रोग्याला घर आणि कळप सोडून महिनाभर वॉर्डात पडून राहावे लागणार नाही. दाणे येणे थांबले तरी औषध लगेच बंद करायचे नसते. नासूर बुजलेले, गाठ बसलेली आणि पुन्हा घेतलेल्या नमुन्यात काही उगवलेले नाही, एवढे झाल्यावरही पुढची वर्ष-दोन वर्षे रोग्याला अधूनमधून बोलावून पाऊल चेपून पाहावे लागते.